ऐकणारा स्क्राइब की बोलून लिहून घेणं? ओपीडीसाठी एआय निवडताना

ओपीडीत एआय घ्यायचं हे ठरलंय, पण पेशंटचं सगळं बोलणं ऐकून केसपेपर लिहिणारा स्क्राइब घ्यावा, की आपण बोलायचं आणि त्याने नीट मांडून द्यायचं एवढ्यावर भागवावं, इथे ज्यांचं अडलंय अशा डॉक्टर मित्रांसाठी हे लिहितोय. माझं क्लिनिक इंदूरला, राजेंद्र नगरच्या बाजूला. साधी जनरल प्रॅक्टिस. निम्मे पेशंट लोकमान्य नगर, सुदामा नगरकडच्या मराठी घरांतले. बाकीचे राऊ, महू, पीथमपूर, कधी धारहूनसुद्धा येणारे. दोन्ही प्रकार मी याच गर्दीत वापरलेत, तेव्हा जे सांगतोय ते या गर्दीपुरतं धरा. किमती, कुठल्या फोनवर चालतं वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

स्क्राइबचं कौतुक आधी करतो, कारण ते खरोखर करण्यासारखं आहे. फोन टेबलावर ठेवला, बटण दाबलं की आपण मोकळे. नजर कीबोर्डवरून उठते आणि पेशंटच्या चेहऱ्यावर जाते. नव्याने डायबेटिस निघालेल्या एका गृहस्थांशी जेवण, पाय, डोळे, इन्सुलिनची भीती असं निवांत बोलणं झालं, तर त्याची नोंद मी लिहिली असती त्यापेक्षा भरलेली निघाली. उठून दारापर्यंत गेल्यावर ते वळून म्हणाले होते, “आणि हो, रात्री पायाला मुंग्या येतात.” तेही नोंदीत होतं. दारात सांगितलेली तक्रार बरेचदा सगळ्यात महत्त्वाची असते आणि हाताने लिहिताना हमखास तीच राहून जाते.

अमेरिकेत पर्मनंटे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेने २०२३ च्या शेवटी असा स्क्राइब मोठ्या प्रमाणावर सुरू केला. पहिल्या १० आठवड्यांत ३ हजारांहून जास्त डॉक्टरांनी ३ लाखांहून जास्त भेटींत तो वापरला. हे आकडे दाखवून आपल्याकडे साधनं विकली जातात. पण तिथल्या डॉक्टरच्या मानेवर रात्री घरी बसून नोंदी पुऱ्या करायचं ओझं असतं आणि स्क्राइब ते ओझं उतरवतो. आपल्याकडे ते ओझंच नाही. जे लिहायचं ते पेशंट खुर्चीवरून उठायच्या आत लिहून होतं, नाहीतर कधीच होत नाही. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा आढावा आला होता. त्यात स्वीडनची सरासरी भेट साडेबावीस मिनिटांची, बांगलादेशची ४८ सेकंदांची, आणि आपली दोन मिनिटांच्या आसपास. लांब भेटींसाठी शिवलेला अंगरखा दोन मिनिटांच्या भेटीला कसा बसणार, हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायला हवा.

माझं घोडं अडलं ते मात्र वेळेवर नव्हे, नातेवाइकांवर.

साठी उलटलेल्या एक काकू चक्कर येते म्हणून आल्या. बरोबर मुलगा आणि सून. मी विचारलं, “काकू, चक्कर उठून उभं राहताना येते की कूस बदलताना?” उत्तर सूनबाईंनी दिलं, “सकाळी उठल्यावर येते, हो ना आई?” मुलगा म्हणाला, “ॲसिडिटीच असेल डॉक्टरसाहेब. मला पण होते. मी रोज पँटोप्राझोल घेतो, एकदम आराम आहे.” मग सूनबाईंच्या आईला बीपीच्या गोळीने असंच कसं झालं होतं, ते निघालं. या सगळ्यात काकू एकदाच बोलल्या, हळू आवाजात: “कूस बदलताना.”

स्क्राइबची नोंद आली ती अशी: सकाळी उठून उभं राहताना चक्कर, पँटोप्राझोल रोज चालू, बीपीच्या औषधाने पूर्वी त्रास. भाषा स्वच्छ, मुद्दे क्रमाने, एखाद्या हुशार रजिस्ट्रार डॉक्टरने मन लावून लिहावी तशी. आणि त्यातली एकही गोष्ट काकूंची नाही. निदान ज्या दोन शब्दांवर उभं होतं, तेच गळाले होते. कूस बदलताना येणारी चक्कर म्हटल्यावर आपण टेबलावर आडवं करून डिक्स-हॉलपाइक ही आतल्या कानाच्या तोलाची तपासणी करतो, कानाकडे वळतो. उभं राहतानाची चक्कर म्हटली की बीपी झोपवून आणि उभं करून मोजतो, गोळीचा डोस कमी करायचा विचार करतो. पुढच्या वेळी हाच केसपेपर दुसऱ्या डॉक्टरच्या हातात गेला, तर तो बीपीच्या वाटेने जाईल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

हे आवाज वेगळे ओळखता न आल्यामुळे होतं असं नाही. आवाज वेगळे करणं या साधनांना जमतं. अडचण आपल्या घरांच्या रीतीत आहे. सासूची तक्रार सून सांगते, नातवाची आजी, आणि नवरा बायकोच्या तक्रारीत स्वतःची मिसळून देतो. ‘पेशंटचाच आवाज धर’ म्हटलं तर सुनेने सांगितलेली खरी माहिती जाते. ‘सगळ्यांचं धर’ म्हटलं तर मुलाची गोळी आईच्या नावावर चढते. कुठलं वाक्य कोणाच्या शरीराचं, हे खोलीत बसलेल्या माणसाला चेहरे बघून कळतं. माझ्या हातात आलेल्या साधनाला ते कळत नव्हतं. दुसऱ्या एखाद्याचं याहून बरं असेल, मी नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट तपासणीची. पोट दाबून बघताना मी बोलत नाही, तुम्हीही बोलत नसाल. त्या शांततेच्या जागी नोंदीत ‘पोट मऊ, दुखरेपणा नाही’ असं आलेलं मी पाहिलंय, त्यातलं काहीही न उच्चारता. २०२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ हे आवाजाचं लेखन करणारं इंजिन तपासलं होतं. सुमारे १ टक्का ध्वनिफितींमध्ये त्याने कोणी न बोललेली वाक्यं घातली होती आणि बोलण्यात लांब विराम असले की ते जास्त होत होतं. माझ्या साधनात तेच इंजिन होतं असा माझा दावा नाही. पण ओपीडीतली तपासणी म्हणजे विरामच विराम. उपाय म्हणून प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून पाहिली. ‘लिव्हर दोन बोटं लागतंय’ म्हटल्यावर टेबलावर झोपलेल्या माणसाचा चेहराच उतरला.

मग उरतं तपासून पाहणं. स्क्राइबची लांबलचक नोंद ओळ न् ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझी जुन्या पद्धतीची चार ओळींची नोंद लिहून होते. न वाचता सही करणं मला जमत नाही. सही माझी, उद्या कोणी विचारलं तर उत्तरही माझं.

आता दुसरी बाजू. पेशंटला तपासून झालं की मी त्याच्यासमोरच अर्धा मिनिट बोलतो. मराठी, हिंदी, इंग्रजी जे तोंडाला येईल त्यात. एआय त्याचा नीट केसपेपर करतं, वर पेशंटसाठी हिंदीत किंवा मराठीत सूचनांची चिठ्ठी काढून देतं: गोळी जेवणाआधी की नंतर, काय झालं तर लगेच यायचं. एवढंच काम. दिसायला फारच साधं, स्क्राइबपुढे मागासलेलं वाटावं असं.

पण यात मला एक फायदा मिळाला, जो कोणी जाहिरातीत सांगत नाही. पेशंट ऐकत असतो. राऊकडच्या एका शेतकऱ्याची केस बोलत होतो, “बुखार तीन दिन से, ठंड लगके,” तर समोरून लगेच, “तीन नी साब, पाँच दिन हुई ग्या.” पावसाळ्यात या दोन दिवसांना किंमत आहे. तिसऱ्या दिवशी डेंग्यूसाठी एनएस-वन ही रक्ततपासणी पुरते. पाच दिवस उलटत आले की ती निगेटिव्ह आली तरी भरवसा ठेवता येत नाही, आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणीही बघावी लागते. मराठी घरातल्या आज्या तर फारच पक्क्या. “उजवा नाही हो, डावा गुडघा,” असं वाक्य पुरं व्हायच्या आत येतं. माझी नोंद तिथल्या तिथे, जिच्याबद्दल आहे तिच्याकडूनच तपासून होते. घोळक्यातलं कोणाचं काय, ते गाळायचं काम बोलण्याआधी माझ्या डोक्यात होऊन गेलेलं असतं, आणि केस मांडून बोलताना माझाच विचार जागेवर येतो.

चुका यातही होतात. औषधांची नावं एआय हमखास गडबडवतं. हायड्रॅलझिन (बीपीचं) आणि हायड्रॉक्सिझिन (खाजेचं) ही जोडी तर प्रसिद्धच आहे; फिफ्टीन आणि फिफ्टी तेवढीच धोकादायक. म्हणून औषध आणि डोस मी बोलून घालतच नाही, यादीतून निवडतो. हा नियम तुम्ही कुठलंही साधन घेतलं तरी पाळा, एवढं मात्र आग्रहाने सांगेन. पण या चुका डोळ्यात खुपतात, कारण नोंद चार-पाच ओळींची असते आणि मी आत्ताच काय बोललो ते मला आठवत असतं. उणीव म्हणाल तर दारातली ती मुंग्यांची तक्रार यात येत नाही. पुन्हा माइक उचलून घालावी लागते. आणि रात्री नऊच्या पेशंटची माझी नोंद सकाळी दहाच्या पेशंटपेक्षा आखूड असते, हेही खरं.

गुप्ततेचं थोडक्यात. आईला बाहेर बसवून पाळी चुकल्याचं सांगणारी मुलगी टेबलावरच्या फोनकडे बघून गप्प होते. तिची परवानगी रीतसर घेतली तरी गप्पच होते. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने संमतीची भाषा स्पष्ट केली आहे, आणि एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा तर गुप्ततेवर फारच काटेकोर आहे. बोलून लिहून घेताना आवाज जवळपास माझाच जातो आणि नाव मी उच्चारत नाही. निदान आणि औषध एआयवर सोडायचा प्रश्नच नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनीच सांगितलंय की एआयने डॉक्टरला मदत करावी, पेशंटला सल्ला किंवा प्रिस्क्रिप्शन स्वतः देऊ नये.

तरीही मानसोपचाराची प्रॅक्टिस असेल, किंवा अपॉइंटमेंट देऊन एका पेशंटला वीस मिनिटं एकट्याला बसवत असाल, तर स्क्राइब आधी बघा. तिथे एकच आवाज, एकच गोष्ट, आणि चेहऱ्याकडे बघत राहण्याला खरी किंमत. आमच्यासारख्या, एका पेशंटमागे तीन माणसं खोलीत येणाऱ्या ओपीडीला मात्र माझ्या मते बोलून लिहून घेणंच बरं पडतं.

स्क्राइब घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याच्या शांत केबिनमधल्या डेमोवर जाऊ नका. सोमवारी सकाळी तुमच्या ओपीडीत, पंखा चालू आणि दार उघडं असताना, सासू-सून-मुलगा एकत्र आलेल्या केसवर लावून बघा, आणि तिघं बाहेर पडायच्या आत नोंद वाचा. दोन प्रश्न लेखी विचारा: आवाज कुठे आणि किती दिवस ठेवता? आणि नोंदीतल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवलं, तर ते कोणाच्या कुठल्या बोलण्यातून आलं हे तिथेच ऐकवता येतं का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि ते प्रत्यक्ष करून दाखवलं, तर मला जरूर कळवा. ते साधन मीही लावून बघेन.