टाइपस्क्रिप्ट: घरातल्या मालाची खात्री, दारात आलेल्या मालाची नाही

टाइपस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषाच, फक्त कुठे नंबर येणार आणि कुठे मजकूर (याला 'टाइप' म्हणतात) हे लिहून आधीच तपासता येतं. ते फुकट मिळतं, पण वेळेचं बिल चांगलंच येतं. ते भरण्यासारखं आहे का, एवढंच सांगते. पुण्यात बसून मी नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळते. आधी सगळं साध्या जावास्क्रिप्टमध्ये होतं, मग सवडीने एकेक फाइल इकडे आणली. जुन्या फाइली नव्यांच्या शेजारी बिनबोभाट चालतात, एका रात्रीत सगळं हलवावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये हे बाजारात आणलं तेव्हापासूनचा हा गुण आहे, आणि माझ्या मते ते टिकलं ते यामुळेच.

जावास्क्रिप्टने ज्यांना छळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या काट्यावरचा माणूस स्क्रीनवर पेटीचं वजन टाकतो. ब्राउझरच्या चौकटीतून ते मजकूर म्हणून हातात येतं. त्यात रिकाम्या पेटीचं अर्धा किलो मिळवायला जावं, तर ४.५ आणि ०.५ मिळून ५ होत नाहीत, '४.५०.५' असं काहीतरी तयार होतं आणि गाडी पुढे निघते. गंमत म्हणजे टाइपस्क्रिप्टलाही ही बेरीज चालते. पण तिचं उत्तर नंबर मागणाऱ्या फंक्शनला (कोडच्या एका तुकड्याला) द्यायला गेलं की लगेच लाल रेघ.

खरी वसुली होते ती चालू सॉफ्टवेअरमध्ये बदल करताना. युरोपातल्या खरेदीदाराला पॅकिंग लिस्टवर ग्रॉस आणि नेट अशी दोन वजनं वेगवेगळी हवी होती. आमच्याकडे तोवर 'वजन' नावाचं एकच फील्ड. ते काढून दोन नवीन घातली आणि कंपाइलरने (कोड आधी तपासून साध्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने) जुनं नाव असलेली प्रत्येक ओळ समोर आणून ठेवली: लेबल छापणारी फाइल, पॅलेटची बेरीज, गाडीचं चलन, आणि कुणाच्याही ध्यानात नसलेला महिनाअखेरचा रिपोर्ट. साध्या जावास्क्रिप्टमध्ये तो रिपोर्ट ऐन हंगामात, मार्चच्या शेवटी, 'नॅन' (म्हणजे 'हा आकडाच नाही') छापत बसला असता. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या प्रोजेक्टमधले दुरुस्त झालेले बग घेऊन २०१७ मध्ये एक अभ्यास झाला होता. टाइप लावले असते तर त्यातले साधारण १५ टक्के आधीच सापडले असते, असं निघालं. कुणाला हा आकडा मोठा वाटतो, कुणाला मामुली. पण 'नको बाबा, हात लावला तर कुठेतरी फुटेल' म्हणून पुढे ढकललेले बदल त्यात कुठे मोजलेत? माझ्यासाठी हिशोब तिथे फिरतो.

आता तक्रारी. कोड चालायच्या आधी टाइप सगळे पुसले जातात, चालताना पहारा कुणाचाच नसतो. एका मालवाहतूक कंपनीकडून आम्हाला कंटेनरचं तापमान येतं. त्यांच्या कागदपत्रांत नंबर म्हटलंय, म्हणून आम्हीही नंबर लिहिलं. मध्येच तिकडून उणे ०.५ हा आकडा मजकूर होऊन यायला लागला. सरासरी काढताना आकडे एकमेकांना चिकटले, उत्तर 'नॅन' आलं, आणि 'नॅन' कुठल्याच आकड्यापेक्षा मोठा नसल्यामुळे तापमान वाढल्याचा इशाराच बंद पडला. टाइपस्क्रिप्टचा पडदा या काळात हिरवागार. पेटीवर 'नंबर' अशी चिठ्ठी आपणच लावली की ते पेटी उघडून बघत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी झॉडसारखी तयार कोडची लायब्ररी लावून चालत्या कोडमध्ये तपासणी करावी लागते. झॉडमधून टाइप आपोआप निघतात, म्हणून दुहेरी लिखाण तरी वाचतं.

घरातही थोडी ढिलाई आहेच. तीन पेट्यांच्या यादीतली पाचवी पेटी मागितली तरी ते 'मिळेल' म्हणतं. ४.१ आवृत्तीत त्यासाठी वेगळं सेटिंग आलं, पण स्ट्रिक्ट मोड (कडक तपासणी) लावला तरी ते चालू होत नाही, हाताने लावावं लागतं. लावाच. एरर मेसेज हा आणखी वेगळा छळ: पंधरा ओळींचा, आणि मुद्दा तळाला. वैतागलेला नवखा मुलगा 'एनी' (म्हणजे 'काहीही चालेल') लिहून मोकळा होतो. रिव्ह्यूत मी सगळ्यात आधी 'एनी' शोधते.

टर्बो ८ या वेबसाइट बनवायच्या लायब्ररीतून २०२३ मध्ये टाइपस्क्रिप्ट काढून टाकलं, तेव्हा बराच गदारोळ झाला. ते काढणाऱ्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांचा टाइपच्या कसरतींवरचा राग मला समजतो. जेनेरिकच्या (कुठलाही टाइप बसेल अशी जागा ठेवणाऱ्या टाइपच्या) आत जेनेरिक वाचताना मीही चरफडते. पण त्यांच्यासारखी मुरलेली टीम माझ्याकडे नाही. माझ्याकडे दर वर्षी नवीन मुलं येतात, आणि हा कोड काय घेतो आणि काय देतो हे त्यांना फंक्शनच्या पहिल्या ओळीत दिसतं.

कोड तपासायला फार वेळ लागतो ही रड मात्र कमी होईल असं दिसतंय. मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टचे मुख्य शिल्पकार अँडर्स हाइल्सबर्ग यांनी कंपाइलर गो या प्रोग्रॅमिंग भाषेत उतरवत असल्याचं जाहीर केलं. व्हीएस कोड या एडिटरचा अख्खा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागायचे, त्याचे ७.५ झाले.

तीन-चार महिन्यांहून जास्त जगणारं काही बनवत असाल, किंवा त्या कोडला दुसऱ्या कुणाचा हात लागणार असेल, तर घ्या. चिल्लर कामाला नको. आमची रात्री बॅकअप घेणारी छोटी फाइल अजून जावास्क्रिप्टमध्येच आहे. तिच्यात दोन ठिकाणी टाइप हवे होते, ते जेएसडॉक पद्धतीच्या कमेंटमध्ये (कोडमधल्या टिपांत) लिहिले. एडिटरला तेवढं पुरतं.