तिसरा मजला, लिफ्ट नाही : लाइटवेट स्ट्रोलर, दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंत

साडेआठ हजारांच्या वस्तूचा सगळा भार एका प्लास्टिकच्या कडीवर असतो, आणि ती कडी करंगळीच्या पेरापेक्षा मोठी नसते. स्ट्रोलर मिटला की त्याच्या नळ्या एकमेकींना धरून ठेवायच्या, एवढंच तिचं काम. ती तुटली तरी स्ट्रोलर चालतो. चाकं फिरतात, पट्टे लागतात, छत उघडतं, बाळ मजेत बसतं. फक्त तो मिटलेला राहत नाही. हे कंपनीच्या माणसांना फोनवर समजावून सांगताना माझा घसा बसला. "मॅडम, प्रॉडक्ट वापरता येतंय ना?" येतंय हो. दादरला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत नसते तर मीही तेच म्हणाले असते.

फीचर्सची यादी परत देत नाही, ती तुम्हाला पाठ असणार. पाच पट्ट्यांचा बेल्ट, पंधरा किलोपर्यंतची मर्यादा, तीन भागांत घडी, खांद्याला अडकवायचा पट्टा, 'केबिन साइझ'. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण कापडाचे रंग बदलून हाच सांगाडा तीन-चार नावांनी विकायला दिसतो आणि कडी सगळ्यांची सारखीच वाटते. फोटो मोठा करून बघा, मिटलेल्या स्थितीत उजव्या अंगाला काळी दिसते ती. मिटलेल्या स्थितीतला फोटोच नसेल तर पुढे बघूही नका.

दसऱ्याच्या सेलमध्ये घेतला तेव्हा लेक सात महिन्यांची होती, आधाराशिवाय बसायला लागली होती. खोक्यावर 'जन्मापासून' असं छापलेलं आहे, त्यावर जाऊ नका. मान धरत नाही तोवर बाळाला जवळजवळ आडवं झोपवता आलं पाहिजे. या वजनाच्या बऱ्याच गाड्यांची पाठ तेवढी खाली जात नाही. आमची तर आरामखुर्चीइतकी कलते आणि थांबते.

वजनाबद्दल सांगायलाच हवं. खोक्यावर 5.8 किलो. मला ते उचलून पटेना, म्हणून महिन्याची रद्दी न्यायला आलेल्या भाऊंना काटा लावायला सांगितला. 6.7 भरलं. आता रद्दीवाल्याचा काटा जास्त दाखवतो असं आजवर कुणी ऐकलंय का? तेव्हा खरं वजन याहून कमी तर नक्कीच नाही. नंतर कळलं, अनेक कंपन्या छत, पुढचा दांडा, खालची जाळी हे सगळं काढून नुसत्या सांगाड्याचं वजन छापतात. घेताना दुकानात स्वतः उचलून बघा, तेही एका हाताने आणि दुसऱ्या कडेवर मूल घेऊन.

कारण आमच्याकडे तेच रोजचं असतं. लेक डाव्या कडेवर, आता दहा किलोंच्या घरात. स्ट्रोलर उजव्या खांद्याला. पर्स गळ्यात. लाकडी जिना, मजल्यागणिक एक वळण, आणि वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. खाली मीटरच्या पेटीजवळ स्ट्रोलर ठेवायची सोय होती, पण तिथे पहिल्या मजल्यावरच्या काकांची सायकल आहे, आणि सोसायटीच्या सूचनेप्रमाणे जिन्याखाली काही ठेवायचं नाही. सायकल सूचनेच्या आधीपासून आहे, त्यामुळे ती चालते. तर स्ट्रोलर घरातच. घरात त्याची जागा फ्रिज आणि चपलांच्या स्टँडच्या मध्ये, जेमतेम दीड वीत. म्हणून मिटल्यावर तो स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा होता. छत्रीसारखे लांबट मिटणारे मी त्याच कारणाने नाकारले. ते भिंतीला टेकवले की घसरतात, आणि रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस त्यांच्यावर आपटतो. नणंदेकडे ठाण्याला मोठ्या चाकांचा, भक्कम, अकरा किलोंचा आहे. तिचा लिफ्टमधून थेट पार्किंगला उतरतो. तिला माझं हे सगळं पुराण ऐकून हसू येतं.

छत्रीसारख्या घडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. ती घडी काढली ओवेन मॅकलारेन नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी, 1965 साली. ते विमानांचे इंजिनिअर, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले. नातवंडाची अवजड गाडी बघून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी गाडी बनवली, जेमतेम पावणेतीन किलोंची. साठ वर्षं झाली आणि माझ्या खांद्यावर 6.7! मान्य, त्यांच्या गाडीला ना छत होतं ना पाठ कलायची. तरीही जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मला त्या गृहस्थांची आठवण येते.

रस्त्यावरचं थोडक्यात. पुढची चाकं लहान, पाच इंचांची, आणि गर्रकन फिरणारी. पेव्हर ब्लॉक निघालेल्या फटीत ती आडवी होऊन रुततात. अशा वेळी पुढे ढकलत बसू नका. गाडी उलटी फिरवा आणि मोठ्या मागच्या चाकांवर ओढून घ्या. फूटपाथच्या पायरीलाही हीच युक्ती. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चांगली चालते, मैदानात उतरलात तर लाल माती चाकांच्या आसात बसते आणि मग आठवडाभर कुरकुर ऐका. चौपाटीच्या वाळूत अजिबात नाही. आणि फूटपाथच्या तोंडाशी रोवलेले ते स्टीलचे खांब! मोटारसायकली येऊ नयेत म्हणून लावले, अडकतो आम्ही आणि व्हीलचेअरवाले. व्हीलचेअरच्या या अडचणीची उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. आमच्याकडच्या एका खांबांच्या जोडीतून स्ट्रोलर जातो, पण दोन्ही बाजूंचं कापड घासून. रुंदी मोजून घ्या, इतकंच.

पण खरी गोष्ट अशी की मुंबईत ही गाडी उघडी असते त्याहून जास्त वेळ मिटलेली असते. जिन्यात मिटलेली. टॅक्सीत मिटलेली, आणि काळी-पिवळीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, म्हणजे ती आपल्या पायाशीच. मी 'केबिन साइझ'चे जादा पैसे मोजले ते विमानासाठी नाही, विमानात आम्ही अजून बसलेलो नाही. बेबीझेन कंपनीच्या योयो या स्ट्रोलरने 52 बाय 44 बाय 18 सेंटिमीटरची घडी रूढ केली ती विमानातल्या सामानाच्या कप्प्यासाठी. आमच्या स्वस्तातल्या नकलेची घडी साधारण तेवढीच, आणि ती टॅक्सीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटपुढे बरोबर बसते. दादरला रिक्षा नाहीत, त्यामुळे टॅक्सीत बसणं म्हणजेच सगळं. लोकलमध्ये तर उघडी न्यायचा विचारही नको. रविवारी दुपारी, लेडीज डब्यात, मिटून, मांडीशी उभी करून. उघडी म्हणजे घराखालून निघून जागेवर पोचेपर्यंत उघडीच, असा एकच प्रवास मला सापडला : मेट्रो 3. दादरच्या स्टेशनात लिफ्टने खाली, चर्चगेटला लिफ्टने वर, आणि तिथून मरीन ड्राइव्ह. कठड्यालगतचा तो लांबलचक सपाट रस्ता म्हणजे या स्ट्रोलरचं माहेर. तिथे तो एका बोटाने चालतो आणि त्याचे सगळे गुन्हे माफ करावेसे वाटतात.

कडी तुटली ती मात्र दादरच्या पुलावर. माहेरी डोंबिवलीला निघाले होते, स्ट्रोलर खांद्याला, लेक कडेवर. कट्ट असा आवाज आला आणि खांद्यावरचं ओझं एकदम उलगडलं. पुढची चाकं एका गृहस्थांच्या पोटरीला लागली, हँडल माझ्या कानाला. मागून गर्दी. एका कोळणीने टोपली खाली न ठेवताच एका हाताने नळ्या धरल्या, "पोरीला सांभाळ तू आधी" म्हणाली, आणि आम्ही तिघी तशाच पूल उतरलो. लेकीला अर्थात भारी मजा वाटली.

इथे एक गंभीर गोष्ट. मिटणाऱ्या सांध्यात बोटं सापडतात. 2009 मध्ये मॅकलारेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख स्ट्रोलर परत बोलावले होते, बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं तुटल्यामुळे. उपाय म्हणून बिजागरीवर घालायची कापडी आवरणं दिली. तेव्हा उघडताना-मिटताना मूल हातभर लांब ठेवा, आणि कडी तुटलेला, आपोआप उलगडणारा स्ट्रोलर 'वापरता येतोय' असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. मी हे कंपनीला मेलमध्येही लिहिलं. उत्तरात आधी बिलाचा फोटो मागितला, मग कडीचा फोटो, मग तुटलेल्या कडीचा व्हिडिओ. तुटलेली कडी हालचाल करत नाही, तिचा व्हिडिओ काय काढणार! तरी काढला. मग निकाल आला : वॉरंटी वर्षाची आहे, पण उत्पादनातल्या दोषासाठी, हे झिजेत येतं. कडी सुटी मिळत नाही. पूर्ण सांगाडा बदलून मिळेल, 3,800 रुपये, सर्व्हिस सेंटरला आणून द्यावा. सर्व्हिस सेंटर भिवंडीला. न मिटणारा स्ट्रोलर दादरहून भिवंडीला कसा आणायचा ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

सासूबाईंनी त्याच दिवशी पिशवीतून स्टेशनबाहेरच्या बॅगा-छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता काढून दिला. "आमची मुलं कडेवरच मोठी झाली" हे वाक्य अर्थातच सोबत मिळालं. त्या दादांनी स्ट्रोलर उलटासुलटा केला, म्हणाले, "कडी कशाला पाहिजे? पट्टा मारतो." शाळेच्या दप्तराला असतो तसला नायलॉनचा पट्टा आणि प्लास्टिकचं बकल, दोन्ही नळ्यांभोवती. ऐंशी रुपये. घासाघीस केली नाही.

इथपर्यंतचं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, भरपूर चिडून, एक तारा द्यायच्या तयारीने. आता पावसाळा सुरू झालाय आणि काही मतं हललीत.

पहिलं, पट्टा कडीपेक्षा सरस निघाला. जास्तीचा वेळ लागतो, एका हाताने घडी घालायची ऐट गेली, पण ती ऐट तशीही दुकानापुरतीच होती. कडेवर मूल असताना एका हाताने तो कधीच मिटला नाही, गुडघा लावावाच लागायचा. दुसरं, पुढचा दांडा मला निरुपयोगी अडगळ वाटायचा, आणि काढला तर वजनही कमी व्हायचं. आता लेक तो धरून बसते आणि पाय वर टाकते, दांडा नसेल तर बसायलाच तयार नसते. आला परत. तिसरं, पावसाळी प्लास्टिक कव्हर. बसतं छान, पण आत वाफ कोंडते. दहा मिनिटांच्या वर नको. उन्हात वरून ओढणी टाकायची सवय असेल तर तीही सोडा, पातळ कापडाखालीही आतली हवा बाहेरपेक्षा तापते. छत लहान आहे, दुपारी चारच्या उन्हात तोंडावर ऊन येतंच, पण त्यावर इलाज म्हणून मी दुपारी चारला बाहेर पडत नाही. सीटचं कापड पॉलिएस्टरचं, पाठ भिजते, त्यावर जुन्या साडीचं दुपटं घाला. सांगाडा ॲल्युमिनियमचा, पण मागच्या चाकांचा आस लोखंडी, आणि समुद्राजवळ राहिलात तर तो तांबूस होतोच. ओला आणलात तर पुसून, उघडा करून पंख्याखाली ठेवा, नाहीतर शिवणीत बुरशी धरते.

आणि हो, भाजीची पिशवी हँडलला अडकवू नका. मूल बसलेलं असतं तोवर तोल राहतो, मूल उचललं की सगळं मागे उताणं. आमचे टोमॅटो गेले.

कंपनीचं पुढे काय झालं? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे जाता येतं, भिवंडीची गरज नाही, हेही मेलमध्ये लिहिलं. मग त्यांची भाषा बदलली. 'सुटी मिळत नाही' ती कडी कुरिअरने आली, फुकट, एक सोडून दोन. फक्त ती स्क्रूने बसत नाही, रिव्हेटने बसते. स्टेशनबाहेरच्या दादांनी बघितलं आणि मान हलवली : रिव्हेट तोडला तर नळीचं भोक मोठं होईल. तेव्हा दोन्ही कड्या पाकिटासकट ड्रॉवरमध्ये आहेत, आणि कंपनीच्या दफ्तरी माझी तक्रार निकाली निघालेली आहे. पाचपैकी किती गुण द्याल, असा मेसेज आला होता. स्ट्रोलरला तीन दिले. त्यातला एक मरीन ड्राइव्हचा.

लिफ्ट असेल तर याहून जड आणि मोठ्या चाकांचा घ्या, नणंदेसारखा. माझ्यासारखा जिना असेल तर छत्रीसारखा मिटणाराही एकदा बघा, मी फार लवकर नाकारला. मिटल्यावर नळ्या धरून ठेवणारा त्याचा हूक काही गाड्यांत धातूचा असतो, आणि भिंतीला खिळा मारून तो स्ट्रोलर टांगता येतो. आमचा दिवाळीनंतर विकणार आहे. लेक आता निम्मा रस्ता स्वतःच चालते आणि उरलेला निम्मा मला स्ट्रोलरमध्ये बसवायचा प्रयत्न करते. चार हजार मिळाले तरी पुरे. दोन नव्या कड्या सोबत देईन, पट्ट्याचे वेगळे घेणार नाही.