‘ताई, ही तर होल्स्टरची झीज!’

ज्यांच्या घरात लायसनचं हत्यार आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. होल्स्टर, म्हणजे हत्यार कमरेला लावायची म्यान, ही गोष्ट किरकोळ वाटते. माझ्याकडे त्या किरकोळ गोष्टीने बाबांच्या रिव्हॉल्व्हरचं पॉलिश तर घालवलंच, शिवाय प्रकरण पोलिस ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचलं.

रिव्हॉल्व्हर .३२ ची, कानपूरच्या सरकारी कारखान्यातली. बाबांच्या मागे वारस म्हणून माझ्या लायसनवर आली. तिचं निळसर काळं पॉलिश, म्हणजे ब्लूइंग, कोकणच्या दमट हवेतही बाबांनी टिकवलं होतं. नळीचं तोंड, पुढची माशी (नेम धरायचा उंचवटा) आणि गोळ्या बसतात त्या चक्राच्या कडा तेवढ्या रुपेरी झालेल्या. जुन्या होल्स्टरची शिवण उसवली आणि आंब्याच्या हंगामात रोख घेऊन फिरावं लागतं, म्हणून एका मोठ्या शहरातल्या शस्त्रविक्रेत्याकडे नवं घ्यायला गेले.

त्याने तीन प्रकार पुढ्यात ठेवले. नायलॉनचं त्याने बोटाने बाजूला सारलं. कायडेक्सचं हातात घेऊन म्हणाला, “प्लास्टिक आहे ताई, महिन्याभरात पॉलिश खरवडून काढेल.” मग चामड्याचं. “कोल्हापूरचं कातडं. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं, हाताने शिवलेलं, आतून मऊ सुएड. हत्यार यातच ठेवायचं, सगळा पावसाळा ठेवा. चामडं तेल पितं आणि हत्याराला पाजतं.” किंमत ४,२०० रुपये. बिलावर मात्र एवढंच: होल्स्टर, १ नग.

बोलणं बेमालूम होतं, कारण त्यात खऱ्याचे धागे होते. कोल्हापुरी चपलेचं कातडं वनस्पतींच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, हे खरंच आहे. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कोल्हापूरचं नाव घेतलं की आपला माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही, हे त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक असावं.

पावसाळा सरता सरता हत्यार बाहेर काढलं तर चक्राच्या मागच्या सपाट पत्र्यावर तांबूस चट्टा. त्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे. टिचबटणाच्या जागी एक गोल डाग आणि शिवणीच्या रेषेत बारीक ठिपक्यांची ओळ. फोटो पाठवले तसा दुकानदाराचा फोन आला: “ताई, ही तर होल्स्टरची झीज! सगळ्याच हत्यारांना येते. वापरता म्हणून येते.”

सगळी मेख इथेच आहे. आमच्या वाडीत लष्करातून निवृत्त झालेले एक आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे, काका आहेत. त्यांनी हत्यार खिडकीपाशी धरलं. म्हणाले, “पोरी, झीज उंचवट्यावर येते. आत-बाहेर करताना जे घासतं तेच उघडं पडतं. नळीचं तोंड, माशीच्या बाजू, चक्राच्या कडा. आणि तिथे लोखंड चकचकीत दिसतं. हा चट्टा सपाट जागी आहे, लाल आहे, खड्डे आहेत. हे घासून आलेलं नाही. हे नुसतं ठेवून आलंय.” बाबांच्या वेळच्या रुपेरी कडा ही झीज होती. दुकानदार त्याच नावाखाली मला गंज खपवत होता.

मग काकांनी होल्स्टरची खालची कड ब्लेडने तिरकी कापली. सालीत नीट कमावलेलं कातडं कापलं तर आतपर्यंत तपकिरी निघतं. हे आतून निळसर राखाडी होतं. म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, आणि तेही कातड्याचा वरचा चांगला थर काढून घेतल्यावर उरणारं खालचं पापुद्र्यासारखं चामडं. वर जे ‘रवाळ कातडं’ दिसत होतं तो छाप मारलेला प्लास्टिकचा पातळ थर, रेक्झिनसारखा. तो जाळल्यावर वितळला आणि प्लास्टिकचा वास आला. अस्सल कातडं जळताना केस जळल्यासारखा वास येतो. आतलं सुएड, म्हणजे मखमलीसारखं मऊ चामडं, तेही कापडी निघालं.

क्रोममध्ये कमावण्याआधी कातडं मीठ आणि आम्लाच्या पाण्यात मुरवतात. पुढे ते नीट धुतलं नाही तर क्षार आतच राहतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्यांना हवेतला ओलावा मिळाला, बाहेरच्या प्लास्टिकने तो कोंडून धरला आणि अस्तराने लोखंडाला चिकटवून ठेवला. ब्लूइंग म्हणजे काही रंगाचा जाड थर नव्हे. पोलादाच्याच पृष्ठभागाचं काळ्या ऑक्साइडमध्ये झालेलं रूपांतर आहे ते, अगदी पातळ. तेलाचा हात नसेल तर ते गंजाला फार काळ थोपवू शकत नाही. आणि ते तेल या अस्तराने केव्हाच शोषून घेतलं होतं. चामडं तेल पितं हे खरंच, पण ते परत पाजत नाही.

आता आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. त्याने अस्सल हिरड्याचं कातडं दिलं असतं, तरी पावसाळाभर हत्यार त्यात ठेवायचा सल्ला चुकीचाच होता. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र केले की काळी शाई होते, हे जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांना माहीत होतं. ओल्या कातड्यातलं टॅनिन, म्हणजे साल-हिरड्यातलं तुरट द्रव्य, लोखंडाला भेटलं की तेच होतं. शिवाय ते आम्लधर्मी असतं. होल्स्टर कुठलंही असो, ते कमरेला लावण्यापुरतं. बाबा रिव्हॉल्व्हर तेल लावलेल्या फ्लॅनेलमध्ये कुलपात ठेवत आणि होल्स्टर बाहेर खुंटीला. आम्हाला ती त्यांची शिस्त वाटायची.

आणि कायडेक्स? अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसीचं मिश्रण. पाणी पीत नाही, तेल पीत नाही, आतून क्षार सोडत नाही. त्यात धूळ किंवा वाळूचा कण अडकला तर मात्र तो हत्याराला घासतो आणि ओरखडे काढतो. म्हणून ते झटकून, पुसून वापरायचं. नायलॉनच्या अस्तरात कण रुततात ते निघत नाहीत, आणि फोमचा थर ओल धरतो, म्हणून ते मी तरी घेणार नाही. म्हणजे ज्याला त्याने पॉलिशचा शत्रू ठरवलं, ते माझ्या हवेला तिघांत सगळ्यांत कमी घातक होतं. फक्त झीज येईल तिथेच येईल, कडांवर.

फसवणूक इथे थांबली असती तर चार हजारांवर भागलं असतं. भांडण नको म्हणून दुकानदार गोड झाला. “आणून द्या, आमचा कारागीर कारखान्यासारखं गरम ब्लूइंग करून देईल. तुमच्यासाठी ६,५०० फक्त.” दुकानाकडे दुरुस्तीचंही लायसन होतं, म्हणून रीतसर पावती घेऊन हत्यार दिलं. परत आलं ते वरवर झकास. पण पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं काळं व्हायचं, आणि आठवड्यात कडांवर तपकिरी झाक आली. काकांनी हुंगून सांगितलं: बाटलीतलं थंड ब्लूइंग. गरम ब्लूइंगसाठी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात सुटे भाग बुडवावे लागतात. थंडमध्ये सेलेनियमचं औषध बोळ्याने फासतात. ते डाग झाकायला ठीक, पण टिकत नाही.

त्याहून वाईट पुढेच होतं. खड्डे घालवायला कारागिराने चाकावर धरून पॉलिश केलं होतं. २०२४ च्या विधानसभेच्या आचारसंहितेत हत्यार जमा करायला गेले तेव्हा हवालदारांनी टॉर्च मारून नंबर वाचला, लायसन पाहिलं, परत टॉर्च मारला. “मॅडम, हा ३ आहे का ८? पुसट का झालाय?” शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह पुसणं, खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि असं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते केलं असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायचं ते आपण. दुकानाची दुरुस्तीची पावती पिशवीत होती म्हणून साहेबांनी भिंगातून नंबर जुळवला, पावतीची झेरॉक्स ठेवून घेतली आणि डायरीत नोंद केली. तेवढा वेळ बाकावर बसून मी घामाघूम.

तर, होल्स्टर विकणाऱ्यालाच त्याने केलेलं नुकसान दुरुस्त करू देऊ नका. पुरावाही त्याच्याच हातात जातो. माझा गंजाचा चट्टा त्याच्याच चाकावर गेला. सुदैवाने फोटो मोबाइलमध्ये तारखेसह होते आणि होल्स्टर माझ्याकडे होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून दुकानाला कळवलं. दुकानाने उत्तर दिलं की ‘कोल्हापूरचं कातडं’ असं आम्ही कधी म्हटलंच नाही, बिल पाहा. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. घटनेपासून २ वर्षांच्या आत करावा लागतो, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कापलेली कड, जळलेला तुकडा, काळं झालेलं फडकं, सगळं पाकिटांत घालून जोडलं आहे. होल्स्टरबद्दल माझी बाजू लंगडी आहे, हे वकिलांनी आधीच सांगितलं. पण दुरुस्तीच्या पावतीवर त्यांच्याच माणसाच्या अक्षरात ‘हॉट ब्लूइंग’ लिहिलेलं आहे, आणि ते म्हणतात की लढायचं ते त्या दोन शब्दांवर.