जुन्या क्रूझ जहाजावर काही महिने: चढण्यापूर्वी काय तपासावे आणि चढल्यावर काय अपेक्षा ठेवावी

नव्वदच्या दशकात बांधलेल्या एका क्रूझ जहाजावर मी आणि माझी पत्नी काही महिने राहिलो. साउदॅम्प्टनहून निघून मदेरा, कॅरिबियन बेटे, पनामा कालवा, पॅसिफिक महासागर, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया असा प्रवास करीत आम्ही सिंगापूरला उतरलो. नाशिकला परतल्यापासून नात्यातली आणि ओळखीची अनेक निवृत्त मंडळी एकच प्रश्न विचारत आहेत, की एवढ्या जुन्या जहाजावर इतके दिवस राहणे सुखाचे होते का. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. जहाजाचे आणि कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक सारे या वयाच्या कोणत्याही जहाजाला लागू पडेल.

माझी सारी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, देखभाल विभागात झाली. त्यामुळे जुन्या यंत्राची मला मुळात भीती वाटत नाही. यंत्र केव्हा बसवले यापेक्षा ते शेवटचे केव्हा उघडले, त्यात काय बदलले आणि त्यावर काम करणारी माणसे कशी आहेत, हे मी आधी विचारतो. जहाजाला हाच नियम लावावा. जहाजाचे नाव मालक बदलला की बदलते, पण आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओ) पद्धतीने मिळालेला त्याचा सात अंकी क्रमांक जन्मापासून भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. आमच्या जहाजाच्या पुढच्या टोकाला पांढऱ्या रंगाखाली पूर्वीच्या नावाची वेल्डिंगने उठवलेली अक्षरे तिरप्या उन्हात स्पष्ट वाचता येत होती. हा क्रमांक घेऊन इक्वेसिस या मोफत संकेतस्थळावर जहाजाची बंदरांमध्ये झालेली तपासणी पाहता येते. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी तिथली सीडीसी ही सरकारी संस्था करते, शंभरपैकी गुण देते आणि ते जाहीरही करते. ८६ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे उत्तीर्ण. प्रवासी जहाजाचे सुरक्षा प्रमाणपत्र दरवर्षी नवे घ्यावे लागते, आणि तळाची तपासणीही ठरावीक काळाने बंधनकारक असते. म्हणून आरक्षण करण्यापूर्वी जहाज शेवटचे सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून तळासकट दुरुस्ती करतात त्या जागी, केव्हा गेले होते आणि तिथे फक्त गालिचे व पडदे बदलले की नळ, वातानुकूलन आणि इंजिन यांचेही काम झाले, हे लेखी विचारावे. आमच्या एजंटाला हा प्रश्न नवा होता, तरी त्याने उत्तर मिळवून दिले.

कॅबिनची निवड हा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. नव्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या सर्वाधिक असतात. जुन्या जहाजांवर त्या थोड्या आणि महाग असतात, बाकी खोल्यांना खिडकी किंवा गोल काच असते, किंवा काहीच नसते. आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या लांबीच्या साधारण मध्यावरची, गोल काचेची खोली घेतली आणि तो निर्णय सर्वार्थाने योग्य ठरला, कारण जहाज पुढच्या व मागच्या टोकांना सर्वाधिक वरखाली होते आणि जितके वर जावे तितके अधिक डुलते. मागच्या टोकाच्या खोल्यांत जहाज पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांची थरथर जाणवते. नव्या जहाजांत बऱ्याचदा विजेवरचे पॉड, म्हणजे पंख्यासकट पाण्याखाली हव्या त्या दिशेला वळणारे डबे, असतात. जुन्यांत लांब दांड्यावरचे पंखे आणि सुकाणू असते, आणि बंदराला लागताना मागच्या जेवणघरात टेबलावरचे चमचे किणकिणत राहतात. मधल्या मजल्यांवरच्या काही खोल्यांच्या खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली असते, तेव्हा नकाशा पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

कागदपत्रांचे काम नाशिकहून करणाऱ्याने बरेच आधी सुरू करावे. ब्रिटनचा व्हिसा तर हवाच, पण मार्गातल्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो आणि काही देश जहाजावरून न उतरणाऱ्या प्रवाशाकडूनही व्हिसा मागतात. पनामामुळे आमच्याकडून यलो फिव्हरच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले गेले. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ठरावीक केंद्रांवरच मिळते. आम्ही त्यासाठी मुंबईला जाऊन आलो. वय सत्तरीच्या आसपास असेल, तर जहाजावरून हेलिकॉप्टरने इस्पितळात हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे वाचून पाहावे, कारण जहाजावरच्या दवाखान्याचे बिलही खासगी इस्पितळासारखेच येते.

चढण्याच्या दिवशी ठरवून दिलेल्या वेळेलाच धक्क्यावर पोचावे. मोठ्या बॅगांना कंपनीने पाठवलेल्या चिठ्ठ्या घट्ट लावून त्या हमालांकडे सोपवायच्या असतात आणि त्या खोलीसमोर येईपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून औषधे, चष्मा, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. नवी जहाजे जिथे लागतात तिथे काचेच्या बंद पुलावरून थेट आत जाता येते. आमच्या जहाजाचे दार धक्क्याच्या उंचीला जुळत नव्हते, त्यामुळे अनेक बंदरांत ॲल्युमिनियमच्या अरुंद, लवचिक शिडीवरून चढावे लागले, आणि भरतीच्या वेळी तिचा चढ अंगावर येत असे. गुडघे दुखणाऱ्यांनी हे गृहीत धरावे. आत गेल्यावरही बाथरूमला आणि बाहेरच्या डेकवर जाणाऱ्या दारांना वीतभर उंच लोखंडी उंबरठे आहेत. ते पाणी अडवण्यासाठी असतात, पण पहिल्या आठवड्यात त्यांवर अडखळून पडलेले सहप्रवासी मी पाहिले.

निघण्यापूर्वी सुरक्षेची कवायत होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी जायचे. पूर्वी ही कवायत निघाल्यानंतर चोवीस तासांत घेतली तरी चालत असे; जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडले आणि त्यानंतर नियम बदलून ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले. नव्या जहाजांवर तिचा काही भाग मोबाइलवर उरकता येतो. आमच्याकडे सर्वांना जीवरक्षक जाकीट घालून नौकांखाली रांगेत उभे केले. मला ते फार आवडले, कारण आपली नौका कोणती, तिथे जाणारा जिना कोणता आणि अंधारात पायाखालची दिव्यांची पट्टी कुठे वळते, हे त्या अर्ध्या तासात डोक्यात पक्के बसले.

आता खोलीविषयी. ती लहान असते, आणि ‘लहान’ म्हणजे एक माणूस कपाट उघडत असताना दुसऱ्याने पलंगावर बसून राहायचे, इतकी. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात. विजेची अडचण मात्र कोणी आधी सांगत नाही. आमच्या खोलीत आरशाजवळ चपट्या दोन पिनांचे अमेरिकी पद्धतीचे ११० व्होल्टचे एकच सॉकेट होते. मोबाइल आणि कॅमेऱ्याचे चार्जर दोन्ही व्होल्टेजवर चालतात, पण भारतातून नेलेली इस्त्री किंवा किटली चालत नाही आणि आगीच्या भीतीने ती चढतानाच काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर असलेले एक्स्टेंशन बोर्डही नेऊ देत नाहीत. साधा ॲडॉप्टर आणि अनेक यूएसबी खाचांचा एक चार्जर पुरतो. भिंती पोलादी असल्याने उपग्रहावरचे इंटरनेट जिन्याजवळ बरे चालते, खोलीत तुटते.

संडास निर्वात पद्धतीचे असतात. एका नळीवर ओळीने अनेक खोल्या जोडलेल्या असल्यामुळे एखाद्याने ओला रुमाल किंवा तसलेच काही टाकले, की सगळ्यांचेच काम अडते. प्रवासात असे काही वेळा झाले आणि एकदा दुरुस्तीला रात्र गेली. दुरुस्तीनंतर नळाला पहिले काही क्षण तांबूस पाणी येई. लिफ्ट चारपैकी तीनच चालू असायची. एका बंदरात इंजिनाच्या सुट्या भागासाठी जास्त थांबावे लागले आणि पुढचे एक बेट वगळले गेले. त्याची भरपाई म्हणून जहाजावर खर्च करण्यासाठी जी रक्कम मिळाली ती अगदीच तुटपुंजी होती. कंपनीला मार्ग बदलण्याचा अधिकार करारातच असतो, त्यामुळे भांडून हाती काही लागत नाही. ज्यांना एखादे विशिष्ट बंदर पाहायचेच आहे, त्यांनी जुन्या जहाजावर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्र खवळला की जुने जहाज बोलू लागते. छताचे आणि भिंतींचे पत्रे एकमेकांवर घासून कुरकुरतात आणि रात्री तो आवाज उशाशी येतो. आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा स्टुअर्ड गोव्याचा होता. तो आमच्याशी कोकणी-मराठीत बोलत असे. पहिल्याच वादळी रात्री त्याने पुठ्ठ्याची घडी करून छताच्या फटीत अशी बेताने सरकवली की आवाज तिथल्या तिथे थांबला. “काकू, कपाटाच्या कड्या लावूनच झोपा,” असे तो पत्नीला रोज सांगून जाई. लाटा आणखी वाढल्या तेव्हा त्याने गोल काचेवर आतून जाड पोलादी झाकण बसवून त्याचे स्क्रू आवळले. दोन दिवस खोलीत उजेड आला नाही, पण मी तरी निश्चिंत झोपलो. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. ते कुशीवर डुलणे बरेच कमी करतात, पण समोरून येणाऱ्या लाटेवर होणाऱ्या वरखाली हालचालीपुढे त्यांचे काही चालत नाही. बिस्केच्या उपसागरात पत्नीला बोट लागली. डॉक्टरने दिलेली गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तरच उपयोगी पडते, हे आम्हाला तेव्हा समजले.

इतके असूनही आम्ही तिथे मनापासून रमलो, त्याचे मोठे कारण म्हणजे प्रॉमनाड डेक. खऱ्या सागवानाच्या फळ्यांचा, पाण्यापासून फार उंच नसलेला आणि जहाजाला पूर्ण वळसा घालणारा हा डेक मी चौकशी केलेल्या अनेक नव्या जहाजांवर नाही. तिथे ती जागा खोल्यांनी आणि दुकानांनी घेतली आहे. पहाटे खलाशी फळ्या धूत असत, कठड्यावरचा गंज खरवडून रंग देत असत, आणि एका टोकापासून सुरू केलेले ते काम दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गंज दिसू लागे. मी रोज त्या डेकवर फेऱ्या मारताना देखभालीचा हा क्रम पाहत होतो आणि त्यातूनच या जहाजावर माझा विश्वास बसला.

पनामा कालव्यात जुन्या जहाजाचा आकार कामी आला. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या मूळ जलपाशांची, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वरखाली करणाऱ्या दारबंद कप्प्यांची, रुंदी सुमारे ३३.५ मीटर आहे, आणि आमच्यासारखी बत्तीस मीटर रुंदीची जहाजे त्यांत जेमतेम मावतात. अवाढव्य नव्या जहाजांना २०१६ मध्ये सुरू झालेल्या रुंद मार्गाने जावे लागते. खालच्या डेकवर उभे राहिल्यावर शतकभर जुन्या, शेवाळलेल्या काँक्रीटची भिंत हाताच्या अंतरावरून सरकत होती, दोन्ही बाजूंच्या रुळांवरची इंजिने तारांनी जहाज मध्यावर धरून ठेवत होती, आणि गाटुन येथील जलपाशांच्या तीन पायऱ्यांत आम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या तलावात पोचलो. सारा दिवस मी तिथून हललो नाही.

शाकाहारी जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी. आम्हाला रोज डाळ, भात आणि एक भाजी मिळे, आणि आदल्या रात्री सांगितले तर पोळ्याही. नाशिकहून नेलेला बंद पाकिटातला चिवडा जहाजावर चालला, मात्र न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात जमिनीवर कोणतेही खाद्य नेण्याचे नियम फार कडक आहेत, म्हणून तो खोलीतच ठेवून उतरलो. जेवणापूर्वी हात साबणानेच धुवावेत, कारण जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा भरवसा नसतो.

धक्का नसलेल्या बेटांवर छोट्या नौकांतून किनारा गाठावा लागतो. नौका लाटेवर हलत असताना खलाशी दंड धरतात आणि ते सांगतील त्याच क्षणी पाय टाकायचा असतो. पत्नीने अशा दोन बेटांवर उतरणे टाळले.

उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि हिशेबाचा कागद सकाळी मिळतो. आमच्या कागदावर न घेतलेल्या सहलीचे पैसे लावलेले होते, ते स्वागतकक्षात दाखवल्यावर लगेच वजा झाले. तिथे सकाळी मोठी रांग असते, त्यामुळे आदल्या दिवशीच चालू हिशेब मागून घ्यावा. सिंगापूरहून मुंबईचे विमान मात्र त्याच दिवशीचे घेऊ नये. आम्ही एक रात्र मध्ये ठेवली होती आणि जहाज धक्क्याला उशिरा लागल्यामुळे ती उपयोगी पडली.