जुना वाइन कूलर: ओल्ड शेफिल्ड की ईपीएनएस?

वाइन कूलर म्हणजे वाइनची बाटली बर्फात गार ठेवायचं भांडं. टेबलावर दोन्ही प्रकार सारखेच चमकतात. फरक कळतो कडेला. ओल्ड शेफिल्डमध्ये तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडत आणि मग लाटत. कापलेल्या कडेचं तांबं झाकायला चांदीची तार बसवत. नख फिरवलं की तिचा सांधा लागतो. ईपीएनएस म्हणजे निकेल सिल्व्हर या मिश्रधातूवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा. 1840 नंतरच्या या विजेच्या मुलाम्यात सांधाही झाकला जातो.

शेफिल्डच्या उंचवट्यांवर तांबं डोकावतंय? असू द्या. नव्याने मुलामा दिलात की किंमत पडलीच. ईपीएनएसला मात्र खुशाल द्या.

आतलं सुटं भांडं आणि वरचं गोल कडं आहे ना, बघा. पाणी भरून तासभर ठेवा. झाळलेला सांधा सुटला असेल तर तळाशी ओल येते. नेहमीच्या वापराला ईपीएनएसच बरा. बर्फात मीठ मात्र नको, चांदीला खड्डे पडतात.