फोकसरायटर: अडलेल्या लेखनासाठी एक कोरा पडदा

लेखन अडले की आपण विषयाला नाही तर प्रतिभेला दोष देतो. पण पुष्कळदा लिहिणे आणि तपासणे ही दोन कामे एकाच बैठकीत उरकण्याचा हट्टच आपल्याला अडवून धरतो. पहिले वाक्य लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे आणि तासाभराने त्याच वाक्याशी झटत राहायचे, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. फोकसरायटर हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मला महत्त्वाचे वाटते ते या हट्टावर ते नेमका उपाय करते म्हणून.

विंडोज आणि लिनक्सवर चालणारे हे सॉफ्टवेअर उघडले की स्क्रीनभर केवळ आपला मजकूर उरतो. मेनू, टूलबार, उघडलेल्या फायलींची नावे आणि शब्दसंख्या कडांआड लपलेली असतात व माउस कडेला नेला तरच दिसतात. पण खरी मोलाची सोय वेगळीच आहे: चालू ओळ किंवा चालू परिच्छेद तेवढा ठळक ठेवून बाकीचा सारा मजकूर फिका करता येतो. मागचे वाक्य नजरेआड नसते, पण ते डोळ्यांत खुपेनासे होते. त्यामुळे ते दुरुस्त करायला मागे वळणारा हात आपोआप पुढच्या वाक्याकडे जातो. कच्चा खर्डा कच्चाच राहू देण्याची ही सवय लागली, की अडलेले लेखन बहुतेक वेळा वाटेला लागते.

शिस्तीसाठी रोजचे उद्दिष्ट शब्दांत किंवा मिनिटांत ठरवता येते आणि किती दिवस सलग लिहिले याची नोंदही राहते. माझा आग्रह मिनिटांचा आहे. शब्दांचे उद्दिष्ट ठेवले की आकडा गाठण्यासाठी वाक्ये फुगवण्याचा मोह होतो. शिवाय मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून येत असल्याने संख्या तशीही कमी भरते. ठरलेली अर्धी घटका लेखनासमोर बसून काढली, मग चारच ओळी का उतरेनात, तरी त्या दिवसाची बैठक मोडलेली नसते, आणि अडलेल्या माणसाला हाच दिलासा सर्वांत जास्त हवा असतो.

टंकयंत्राचा आवाज आणि पार्श्वभूमीची चित्रे या सोयींचे मला फारसे अप्रूप नाही, कारण त्या निवडत बसणे हीही टाळाटाळच असते.

तक्ते किंवा चित्रे लागणाऱ्या लेखनाला हे साधन पुरे पडणार नाही. दुसरा खर्डा नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्ये करावा. फाइल ओडीटी या, बहुतेक वर्ड प्रोसेसरमध्ये उघडणाऱ्या, स्वरूपात जतन करता येत असल्याने मजकूर तिकडे नेणे सोपे जाते. पहिल्या खर्ड्यासाठी मात्र मी हेच सुचवेन, विशेषतः ज्यांचे लिखाण सुरुवातीच्याच परिच्छेदाशी रेंगाळते त्यांना.