गावाकडचा फोन कसा लावून द्यावा: फीड, ग्रुप की थेट पान?

दिवाळीला पुण्याहून लातूर-परभणीकडे गेलेल्या पोरांच्या हातात घरचा फोन हमखास येतो. "बघ बरं, लई गरम होतोय." जागा मोकळी करून देता देता आणखी एक काम करता येतं, आणि बहुतेक जण ते करत नाहीत: घरच्यांना पावसाची आणि भावाची खबर कुठून मिळावी हे ठरवणं. यूट्यूबचं फीड, म्हणजे ते आपणहून समोर आणतं ती व्हिडिओंची रांग, आहे तसं राहू द्यायचं, त्याचा पाहण्याचा इतिहास बंद करायचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भागवायचं, की हवामान खातं आणि पणन मंडळाची पानं थेट लावून द्यायची? मराठवाड्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर दोनच प्रश्न डोकं खातात. काढणीत पाऊस येणार का, आणि सोयाबीन आता मोंढ्यावर (बाजारात) न्यावं की घरात ठेवावं. चारही वाटा याच दोन प्रश्नांवर घासून बघू.

यूट्यूब आहे तसं

व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला, याला यूट्यूबने २०१२ पासून जास्त वजन दिलं. आतली यंत्रणा कशी चालते हे गुगलच्याच अभियंत्यांनी २०१६ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं होतं: आधी प्रचंड साठ्यातून काही शे व्हिडिओ निवडायचे, मग हा माणूस कुठला किती वेळ बघेल याचा अंदाज बांधून त्यांचा क्रम लावायचा. लोक यूट्यूबवर जेवढा वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशींमुळे येतो, असं कंपनीच्या उत्पादनप्रमुखांनी २०१८ मध्ये सांगितलं. वडील काहीतरी शोधून बघत बसलेत असं आपल्याला वाटतं, पण त्यातलं बरंच काही त्यांच्यापुढे आणून ठेवलेलं असतं.

आता घरात पन्नास कट्टे सोयाबीन पडलंय असं धरा. 'मोठी तेजी येणार' हा व्हिडिओ माणूस शेवटपर्यंत बघतो. 'भाव आणखी उतरणार' हा अर्ध्या मिनिटात बंद करतो, कारण ते ऐकायचंच नसतं. यंत्र दोन्हीची नोंद घेतं. चार-आठ दिवसांत पानभर तेजीच तेजी दिसू लागते. यात कुणी बसून त्यांना फसवत नसतं. यंत्राला बाजार कळत नाही, माणूस कुठे थांबला तेवढं कळतं. पलीकडे व्हिडिओ करणाऱ्यालाही प्रेक्षक कुठल्या सेकंदाला निघून गेले याचा आलेख दिसतो, त्यामुळे त्याचा पुढचा मथळा आणखी तिखट होतो. म्हणजे काय दिसावं याबरोबर काय तयार व्हावं हेही तिथेच ठरत जातं.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि ती आठवण अजून कुणाच्या मनातून गेलेली नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना मोंढ्यातले सौदे त्याच्याही खाली होत होते. अशा वर्षी माल ठेवायचा की विकायचा हे तेजीनेच भरलेल्या पानावरून ठरवणं महागात जाऊ शकतं.

त्यात आपल्याकडे एक फोन सगळं घर वापरतं. सकाळी आजोबांचं कीर्तन, दुपारी नातवाचं कार्टून, रात्री भावाचे व्हिडिओ. खात्याच्या लेखी हा सगळा एकच माणूस. (त्याचं वय त्या यंत्राने किती धरलं असेल, देव जाणे.)

तरी फीड सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनमध्ये शंखी गोगलगायींनी धुमाकूळ घातला. असलं संकट पहिल्यांदाच बघणाऱ्याला त्याचं नावही माहीत नसतं, मग तो शोधणार काय? अशा वेळी न मागता समोर आलेला व्हिडिओ उपयोगी पडतो. रुंद वरंबा सरीवर पेरणी कशी होते, पंपाचा नोझल कसा बदलायचा, हे दहा पानं वाचण्यापेक्षा एकदा बघितलेलं बरं. शिकण्यासाठी फीड ठीक आहे. आजचा भाव आणि उद्याचा पाऊस यांसाठी मी त्याला शेवटचा नंबर देईन.

इतिहास बंद केला तर

ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने नियम केला: पाहण्याचा इतिहास बंद असेल आणि मागचाही फारसा साठा नसेल, तर मुखपृष्ठावर शिफारशी दाखवायच्या नाहीत. शोधायची जागा आणि सबस्क्राइब केलेले चॅनल तेवढे उरतात. ऐकायला छान. प्रत्यक्षात पान रिकामं बघून घरचे म्हणतात, "काय करून ठेवलंस फोनचं?" आणि तुम्ही पुण्याला पोहोचायच्या आत शेजारचं पोरगं ते परत चालू करून देतं. म्हणून आधी विश्वासाचे आठ-दहा चॅनल सबस्क्राइब करून द्या, मगच इतिहासाला हात लावा. एवढं करूनही चालू व्हिडिओखालच्या शिफारशी राहतातच.

मला मधला मार्ग जास्त पटतो: इतिहास चालू ठेवून तो आपोआप पुसायची मुदत तीन महिने करायची. २०२० नंतर उघडलेल्या खात्यांना यूट्यूबच्या इतिहासासाठी ३६ महिन्यांची मुदत आपसूक लागू असते. म्हणजे तीन खरिपांचा साठा. तीन महिन्यांवर आणलं की गेल्या हंगामातली घबराट आणि गेल्या हंगामातली तेजी या वर्षीच्या पानात डोकावत नाही. घरच्यांना फरक जाणवत नाही, त्यामुळे ही सेटिंग टिकतेही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

ग्रुपमधले निरोप आले त्या क्रमाने दिसतात, त्यांची निवड कुठलं यंत्र करत नाही. २०१६ पासून ते टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असल्याने मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. कोण कुणाशी कधी बोललं ही माहिती मात्र राहते. मग गाळणी कोणती? माणसं. कृषी सेवा केंद्रवाल्याच्या ग्रुपवर औषधाची खबर आधी येते, कारण औषध त्याच्याच दुकानात आहे. आडतीच्या ग्रुपवर त्या दिवशी निघालेला सगळ्यात वरचा भाव पडतो. तो खोटा नसतो, पण आपल्या ओलाव्याच्या मालाला तो मिळेलच असं नाही. हमीभाव खरेदीत साधारण १२ टक्क्यांपर्यंतचाच ओलावा चालतो.

ग्रुपचा मोठा दोष तारखेचा. फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओवर तो मुळात कधी काढला हे नसतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला, त्या पुराच्या क्लिपा पुढच्या कुठल्याही पावसाळ्यात 'आत्ताच्या' म्हणून फिरू शकतात. अफवांमधून जीव गेल्यावर २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर दुहेरी बाण दिसतो. घरच्यांना बाकी काही नाही शिकवलं तरी तो बाण दाखवाच.

ग्रुप एका बाबतीत सगळ्यांना मागे टाकतो: ओढ्याला पाणी आलंय का, पुलावरून गाडी जाते का. ते कुठल्याही सरकारी पानावर वेळेत येत नाही.

थेट पानं

हवामान खात्याचं 'मौसम' अ‍ॅप जिल्ह्याचा अंदाज आणि इशाऱ्याचा रंग दाखवतं: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत निघतो, त्यात पिकाचं काय करायचं तेही असतं. इथे महिनाभराचा, तालुक्या-तालुक्याचा, तारखांसकट पाऊस सांगत नाहीत. अनेकांना हाच कमीपणा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

भावासाठी कृषी पणन मंडळाच्या पानावर बाजार समितीनुसार आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतो. व्हिडिओचा मथळा कमाल दराचा असतो. आपला कट्टा बहुधा सर्वसाधारण दराच्या आसपास जाणार. हा एक रकाना बघायची सवय लागली तरी बरंच साधलं. उणिवाही आहेत. नोंदी कधी उशिरा चढतात, पान रटाळ आहे, आणि ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी ते नाहीच. त्यांना भाव वाचून दाखवणारं माणूस घरात हवं.

माग काढणं हा वेगळा विषय

फीड बंद केलं म्हणजे माग थांबला असं होत नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाचं एक पान उघडलं की आठवडाभर कर्जाच्याच जाहिराती दिसतात, कारण त्या पानावरचा कोड ती भेट जाहिरात कंपनीला कळवतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली जाहिरात आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक) हटवायची सोय असते, ती वापरा. बियाणं-खताची जी अ‍ॅप संपर्क आणि ठिकाण मागतात त्यांची परवानगी काढा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या वर्तनाचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पण नातू आजोबांच्या खात्यावर कार्टून बघत असेल तर कंपनीच्या लेखी तिथे मूल नाहीच. त्याला वेगळं खातं काढून द्या.

कुणाला काय लावावं

वडील वाचतात आणि माल घरात आहे: पहिल्या पडद्यावर पणन मंडळाचं पान, मौसम आणि विद्यापीठाचा सल्ला; यूट्यूब तीन महिन्यांवर. आईला वाचनापेक्षा ऐकणं सोयीचं: निवडक चॅनल सबस्क्राइब करून इतिहास बंद. ग्रुप दोघांचेही राहू द्या, फक्त औषधाच्या दुकानाचा ग्रुप म्यूट. आणि ठिकाणाची परवानगी बाकी अ‍ॅपची काढताना 'दामिनी' अ‍ॅपची मात्र ठेवा. वीज जवळपास पडायची शक्यता असेल तर ते इशारा देतं, आणि माणूस कुठल्या शिवारात आहे हे कळल्याशिवाय त्याला ते जमत नाही.